ज्याचं जळतं, त्याला विझवता येतं का?

गेल्या महिन्यात साताऱ्यात तोतरं बोलणाऱ्या मुलांच्या पालकांची एक सभा होती. व्यासपीठावर दोघं होते. एक तिशीतला तरुण. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायच्या भीतीने नुसता हात वर करणारा, आणि आता अडखळणाऱ्यांसाठी दहा-दहा दिवसांची शिबिरं घेणारा. दुसऱ्या माझ्याच पेशातल्या, रीतसर पदवी घेतलेल्या स्पीच थेरपिस्ट. तरुण म्हणाला, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जो माणूस आयुष्यात एकदाही स्वतःच्या नावावर अडकला नाही, तो मला बोलायला काय शिकवणार?" टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह आहे, म्हणून ती शेजाऱ्यांना इन्सुलिन ठरवून देत नाही. तुमचा नोंदणी क्रमांक सांगा." यालाही टाळ्या पडल्या, जरा कमी. पुढे तासभर याच दोन वाक्यांची उलटसुलट पारायणं झाली. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक बाई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन उठली आणि म्हणाली, "मग मी ह्याला न्यायचं तरी कुणाकडं?" दोघांनीही आपापलं कार्ड पुढे केलं.

मी श्रोत्यांत होते आणि गप्प बसले. आता लिहिते आहे, तर आधी माझी बाजू उघड करते. माझ्याकडे पदवी आहे, नोंदणी आहे, एकोणीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. मी कधीच तोतरं बोलत नव्हते. म्हणजे मी बाईंच्या बाजूची असायला हवी. पण त्या दिवशी दोघांचीही बाजू मला पटली नाही. उपचार करणाऱ्याची पार्श्वभूमी विचारावी, जरूर विचारावी. पण पार्श्वभूमी म्हणजे त्याचं बालपण नव्हे आणि भिंतीवर टांगलेली चौकटही नव्हे. समोरच्याचं बोलणं सुधारलं असं तो कशावरून म्हणतो, किती महिन्यांनी पुन्हा पाहून म्हणतो, आणि ज्यांचं सुधारलं नाही ते कुठे गेले हे त्याला ठाऊक आहे का? मला विचाराल तर तोतरेपणावर उपचार करणाऱ्याची खरी पार्श्वभूमी एवढीच. बाकीचं त्याचं चरित्र.

तरुणाच्या म्हणण्यात दम नाही असं मात्र कुणी समजू नये. आमच्या शास्त्राचा पायाच अडखळणाऱ्यांनी घातला आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९२०च्या दशकात ली एडवर्ड ट्रॅव्हिस याने तोतरेपणाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. तो स्वतः अडखळत नव्हता. पण त्याच्या हाताखाली घडलेले दोघं, वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर, चांगलेच अडखळत. आपल्याला स्पीच पॅथॉलॉजिस्टची गरज होती म्हणून आपण स्पीच पॅथॉलॉजिस्ट झालो, असं जॉन्सन सांगायचा. व्हॅन रायपरने तरुणपणी बोलावं लागू नये म्हणून एका शेतावर मुक्या-बहिऱ्याचं सोंग घेऊन मजुरी केली होती. पुढे जोसेफ शीहान आला, तोही अडखळणारा. तोतरेपणा हिमनगासारखा असतो, हे त्याने सांगितलं: तोंडातून ऐकू येतं ते वरचं टोक, लाज, भीती, शब्द टाळणं हे सगळं पाण्याखाली. आज जगातल्या कुठल्याही वर्गात हे चित्र फळ्यावर काढल्याशिवाय तोतरेपणाचा धडा सुरू होत नाही. न अडखळणाऱ्या माणसाला ते सुचलं असतं का? मला शंका आहे.

कारण पाण्याखालचं बाहेरून दिसतच नाही. माझ्याकडे येणारा एक जण साताऱ्याहून कराडला रोज एसटीने जायचा. 'क' त्याच्या घशात रुतायचा. कंडक्टर समोर, मागे रांग, आणि 'कराड' काही बाहेर पडेना. म्हणून तो पुढच्या इस्लामपूरचं तिकीट काढायचा आणि कराडला उतरायचा. 'इ' त्याला सोपा जायचा. दोन वर्षं त्याने हे जादा पैसे भरले, घरी कुणाला पत्ता नाही. माझ्यासमोर बसून त्याने दिलेला उतारा जवळजवळ न अडखळता वाचला. मी कागदावर 'सौम्य' असं लिहिलं. तिकिटाची गोष्ट त्याने मला सातव्या भेटीत सांगितली. सभेतल्या त्या तरुणाला त्याने ती कदाचित पहिल्या पाच मिनिटांत सांगितली असती. आमच्या पदवीच्या चार वर्षांत श्रवणयंत्रं, उशिरा बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर गेलेली वाचा, टाळू दुभंगलेली बाळं असं बरंच काही येतं. तोतरेपणा वाट्याला येतो तो थोडा. तेव्हा 'तुम्हाला पुस्तकापलीकडे काय माहीत आहे?' हा प्रश्न उद्धट असला तरी खोटा नाही.

पण मग त्याच आयोवातल्या त्याच जॉन्सनचं पुढे काय झालं, हेही बघायला हवं.

जॉन्सन पाच-सहा वर्षांचा असताना एका शिक्षिकेने त्याच्या आईवडिलांना सांगितलं की मुलगा अडखळायला लागलाय. जॉन्सनची खात्री झाली की आपला तोतरेपणा तिथून सुरू झाला. या एका आठवणीवर त्याने सिद्धान्त उभा केला: तोतरेपणा मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, आईबापाच्या कानात सुरू होतो. सगळीच लहान मुलं थोडी अडखळतात. मोठी माणसं त्याला नाव ठेवतात, मूल सावध होतं, आणि मग खरोखर तोतरं होतं. १९३९ साली त्याच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावच्या अनाथालयात हे पडताळून पाहिलं. बावीस मुलं निवडली. त्यातल्या नीट बोलणाऱ्या सहा जणांना महिनोन्‌महिने सांगितलं गेलं की तुम्ही तोतरं बोलायला लागला आहात, जपून बोला, नाहीतर बोलूच नका. मुलं गप्प झाली, अंग चोरायला लागली. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वर्तमानपत्राने तो बाहेर काढला, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने त्यातल्या सहा जणांना किंवा त्यांच्या वारसांना मिळून नऊ लाख पंचवीस हजार डॉलर भरपाई दिली. आज या प्रयोगाला 'राक्षसी प्रयोग' म्हणूनच ओळखतात.

हे सगळं करणारा माणूस खलनायक नव्हता. अडखळणाऱ्या मुलांविषयी त्याच्याइतकी कणव त्या काळी फार थोड्यांना असेल. त्याचं जळलं होतं. कुठे जळतं, कसं जळतं हे त्याला कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. आग कुणी लावली, हे मात्र त्याने आठवणीवरून ठरवलं, आणि तिथे तो चुकला. दुखणं भोगणं आणि दुखण्याचं कारण कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेतल्या तरुणाच्या वाक्यात त्या एकाच म्हणीत बांधल्या गेल्या होत्या. जॉन्सनच्या सिद्धान्ताची किंमत त्या सहा मुलांनीच भरली असंही नाही. 'दुर्लक्ष करा, त्याला जाणवू देऊ नका, आपोआप जाईल' हा सल्ला पुढे कित्येक दशकं डॉक्टर देत राहिले. साताऱ्यातही देतात. आणि माझ्यासमोर येऊन किती आया विचारतात, "मॅडम, मी त्याला एकदा टोकलं होतं, म्हणून झालं का हे?" आपण मुलाला तोतरं केलं, हा अपराध मनात घेऊन त्या येतात.

जॉन्सनचा सिद्धान्त मग खोडला कुणी? इलिनॉय विद्यापीठात एहुद येरी आणि निकोलीन ॲम्ब्रोस यांनी मुलं अडखळायला लागली की लगेच गाठायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहायचं असं काम केलं. डॅव्हनपोर्टच्या जुन्या आकड्यांची फेरतपासणीही त्यांनी केली आणि २००२ साली दाखवून दिलं की त्या सहांपैकी कुणी त्या बोलण्यांमुळे तोतरं झालं याचा पुरावाच नाही. मुलं दुखावली गेली, पण ती तोतरी झाली नाहीत. या येरीचं बालपणही अडखळण्यातच गेलेलं. म्हणजे सिद्धान्त मांडणारा अडखळणारा, आणि तो पाडणाऱ्या दोघांतलाही एक जण अडखळणाराच. एकाने स्वतःचं बालपण पाहिलं. दुसऱ्याने इतरांच्या मुलांचं, टेपरेकॉर्डर लावून.

आता पदवीवाल्यांकडे येऊ. त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा कायद्याचा आहे. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपयांची भीती शिबिरवाल्यांना किती वाटत असेल, हा भाग वेगळा.) आणि नोंदणीला अर्थ आहे. चूक झाली तर जाब विचारायला एक दार असतं. तोतरेपणाच्या नावाखाली चाललेला बाजार मी रोज पाहते: जिभेखालचा पडदा कापून दिलेली मुलं, महिनाभर तोंडात खडे धरून बोलायला लावलेली मुलं, 'शंभर टक्के खात्री' म्हणून आधीच पैसे भरून घेतलेले बाप. पदवी या सगळ्याला निदान एक कुंपण घालते.

फक्त कुंपणाच्या आत काय पिकलं, हेही तपासू. १८४१ साली बर्लिनमध्ये योहान फ्रीडरिश डीफेनबाख याने तोतरेपणावर शस्त्रक्रिया काढली: जिभेच्या मुळाशी आडवी पाचर कापून काढायची. भूल देण्याचा शोध तेव्हा लागायचा होता. डीफेनबाख कुणी वैदू नव्हता. युरोपातल्या नामांकित सर्जनांत त्याची गणना होती. त्याच वर्षी फ्रान्स-इंग्लंडमधल्या सर्जनांनी त्याचं अनुकरण केलं. शस्त्रक्रियेनंतर रोगी थोडे दिवस नीट बोलायचे, म्हणून 'यश' जाहीर व्हायचं. मग तोतरेपणा परत यायचा. काही रोगी मात्र परत आले नाहीत, ते मेले. खुद्द ट्रॅव्हिसची गोष्ट घ्या. मेंदूच्या दोन बाजूंत वरचढ कोण हे ठरत नाही म्हणून माणूस अडखळतो, या कल्पनेवरून आयोवात अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांचे उजवे हात प्लास्टरमध्ये घालून त्यांना डावखुरं करायचे प्रयोग झाले. पदव्या, प्रयोगशाळा, विद्यापीठ, सगळं जागच्या जागी होतं. तोतरेपणाही जागच्या जागीच राहिला.

आणि लायनेल लोगला कुठल्या खान्यात घालायचं? पदवी नाही, स्वतः कधी अडखळलेला नाही. ऑस्ट्रेलियात वक्तृत्व शिकवणारा हा माणूस पहिल्या महायुद्धातून वाचा हरवून आलेल्या सैनिकांना बोलतं करता करता या कामाकडे वळला, १९२४ साली लंडनला आला, आणि १९२६पासून यॉर्कचा ड्यूक, म्हणजे पुढे ब्रिटनचा राजा झालेला सहावा जॉर्ज, त्याच्याकडे येऊ लागला. त्या दिवशीच्या दोन्ही वक्त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. लोगच्या कथेतून 'पदवी काय कामाची' असा धडा काढणारे मला नेहमी भेटतात. ते एक गोष्ट विसरतात. १९३९च्या सप्टेंबरात राजाने युद्धाचं भाषण केलं तेव्हा लोगची आणि त्याची ओळख तेरा वर्षांची होती, आणि तरीही लोग त्या खोलीत त्याच्यासमोर उभा होता. दहा दिवसांचं शिबिर करून तो ऑस्ट्रेलियाला परत गेला नव्हता. शिवाय पदवीची हेटाळणी करायची तर आधी हे आठवावं की ब्रिटनमध्ये या व्यवसायाची संघटना उभारणाऱ्यांत लोग स्वतः होता.

आता मूळ दुखण्याकडे. तोतरेपणाच्या क्षेत्रात इतकी वर्षं कुणाचंही नाणं कसं खपतं? डीफेनबाखचं, वेखंडाचं, माझं? याचं उत्तर तोतरेपणाच्या स्वभावातच आहे. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान अडखळायला लागतात, आणि येरी-ॲम्ब्रोस यांनी चार-चार वर्षं मागे राहून पाहिलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचं अडखळणं थांबलं. मोठ्या माणसांत शंभरात एखादाच तोतरा सापडतो तो त्यामुळेच. आता आजीचं वेखंड घ्या. नातू साडेतीन वर्षांचा, आजीने मधात वेखंड उगाळून जिभेवर चाटवलं, वर्षभरात मुलगा खडखडीत बोलायला लागला. कुणीतरी राघूने उष्टावलेला पेरू खायला घातला, त्याचाही गुण आला. कुणी रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणवून घेतली, तीही लागू पडली. चारांतल्या तिघांना प्रत्येक उपाय लागू पडणारच आहे. सभेतल्या त्या बाईंनी दोघांपैकी कुणाचंही कार्ड उचललं असतं तरी बहुधा मुलगा बरा झाला असता, आणि कार्डवाल्याच्या यशोगाथेत एका फोटोची भर पडली असती.

मोठ्यांच्या बाबतीत फसगत वेगळ्या तऱ्हेने होते. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हटलं की अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, गाताना होतं, ताल धरून किंवा शब्द लांबवून बोललं तरी होतं. रामरक्षा घरात सगळ्यांबरोबर म्हणणारा मुलगा एकदाही अडकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यासमोर उभा राहिला की नाव सांगता येत नाही, यात ढोंग नाही की देवाचा कोप नाही. शिबिरात हेच वापरतात: दहा दिवस संथ, ओढून-ओढून बोलायचं, सगळे सारखंच बोलतात, कुणी हसत नाही. दहाव्या दिवशी प्रत्येक जण माइकसमोर सलग पाच मिनिटं बोलतो, आईच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याचं चित्रीकरण होतं. चित्रण खरंच असतं. सहा महिन्यांनंतरचं चित्रण कुठे आहे? हा प्रश्न मी शिबिरवाल्यांना विचारते तेव्हा मला स्वतःलाही विचारावा लागतो, कारण माझ्या खोलीतही, दार बंद असताना, पंखा चालू असताना, मी मान डोलावत असताना, सगळे बरेच बोलतात.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहाची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४०च्या दशकात तिथे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी चालवत, दुसरा सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. यात वाद घालायला केवढी जागा होती! पदवी विरुद्ध अनुभव, पुरुष विरुद्ध बाळंतपण जाणणाऱ्या बायका. तिथल्याच झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने वाद घातला नाही. रुग्णालय दरमहा मृत्यू मोजत होतं, त्याने ते आकडे समोर ठेवले आणि फरक कुठून येतो ते शोधलं. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन डॉक्टर थेट बाळंतिणीकडे येत होते. १८४७मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. सुइणींचं यश त्यांच्या जिव्हाळ्याचं नव्हतं, आणि डॉक्टरांचं अपयश अज्ञानाचं नव्हतं. आकड्यांची वही नसती तर दोन्ही बाजू आजवर एकमेकींवर ओरडत बसल्या असत्या.

आपल्याकडचं उदाहरणच हवं असेल तर वरोऱ्याला जा. बाबा आमट्यांना कुष्ठरोग नव्हता, ते डॉक्टरही नव्हते, वकील होते. कणव म्हणाल तर तिची त्यांना कमतरता नव्हती. तरीही नुसत्या कणवेवर भागणार नाही हे ओळखून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकून आले. 'मला यांचं दुःख कळतं' एवढ्यावर त्यांना थांबता आलं असतं. लोकांनी टाळ्याही दिल्या असत्या.

तोतरेपणात मोजणं शक्य आहे का? आहे, आणि झालंही आहे. सिडनीत मार्क ऑन्सलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिडकम नावाची पद्धत बसवली. त्यात थेरपिस्ट मुलावर उपचार करतच नाही. आईबाप करतात, घरात, खेळता-खेळता. सलग बोललं की 'वा, किती छान सरळ बोललास'. मधूनच, अगदी कमी वेळा, 'हा शब्द जरा अडकला, नाही का?' म्हणजे जॉन्सनने जे पाप ठरवलं होतं नेमकं तेच, प्रेमाने आणि प्रमाणात. २००५ साली न्यूझीलंडमधल्या ५४ लहान मुलांवर याची चाचणी झाली: चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी, एका गटाला हा उपचार, दुसऱ्याला नाही. नऊ महिन्यांनी उपचार मिळालेली मुलं सरासरी दीड टक्का अक्षरांवर अडखळत होती, न मिळालेली जवळपास चार टक्क्यांवर. नैसर्गिकरीत्या बरं होणं दोन्ही गटांत सारखंच, त्यामुळे उरलेला फरक उपचाराचा. वेखंडाला ही परीक्षा कुणी कधी द्यायला लावली नाही. आणि मोजणं केवळ पाठ थोपटून घ्यायला नसतं. २०१५मध्ये नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर लिडकमची दुसऱ्या एका पद्धतीशी तुलना झाली. ती दुसरी पद्धत उलट्या विचाराची: मुलाला काहीही न सांगता त्याच्याभोवतीची घाई, प्रश्नांचा मारा, अपेक्षा कमी करायच्या. दीड वर्षाने दोन्ही गटांतली सुमारे पाऊणशे टक्के मुलं अडखळत नव्हती. लिडकमवाल्यांना हे फारसं रुचलं नसावं. पण छापून आलं, आणि आज मी आईला दोन्ही वाटा समोर ठेवून विचारू शकते की तुमच्या घराला यातलं काय पेलेल.

इथे तरुणाच्या बाजूने एक हरकत येईल आणि ती मी टाळणार नाही. तो म्हणेल, अक्षरं मोजून काय होतं? इस्लामपूरचं तिकीट काढणारा तुमच्या मोजणीत 'सौम्य' होता. शिवाय बरं करायचंच का म्हणून? माणूस अडखळत बोलला तर बिघडलं काय; ऐकणाऱ्याने थांबावं. जगभर आज अडखळणारी माणसं हे म्हणताहेत, आपल्याकडे इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनसारख्या स्वमदत गटांतही लोक मुद्दाम, उघडपणे अडखळायचा सराव करतात, आणि त्यातून कित्येकांची भीती खरोखर गेलेली मी पाहिली आहे. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तोतरेपणात मेंदूच्या जडणघडणीचा आणि आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. २०१० साली तोतरेपणाशी संबंधित पहिली जनुकं सापडली ती पाकिस्तानातल्या मोठ्या, नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांच्या अभ्यासातून. मोठ्या वयात तो समूळ घालवण्याचं आश्वासन देणारा माणूस, पदवीचा असो की अनुभवाचा, खोटं बोलतो. (आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोषाची व्याख्या आहे, उदाहरणं स्वरयंत्र काढून टाकण्याची आणि पक्षाघाताने वाचा जाण्याची, तोतरेपणाचं नावही नाही. त्यावर एकत्र येऊन भांडायला दोन्ही वक्त्यांना हरकत नसावी.)

पण या हरकतीतून मोजू नका असा अर्थ निघत नाही, दुसरं काहीतरी मोजा असा निघतो. किती अक्षरांवर अडकला, याच्या जोडीला: महिन्यात स्वतःहून किती फोन केले? हॉटेलात हवा तो पदार्थ मागवला की उच्चारता येतो तो? तिकीट कुठलं काढलं? काय मोजायचं हे ठरवायला अडखळणारा माणूस हवाच. तिथे माझी पदवी अपुरी आहे आणि त्या तरुणाचं बालपण लाखमोलाचं. मोजलेलं खरं की मनाचं समाधान, हे ठरवताना मात्र त्याचं बालपण त्याच्या उपयोगाचं नाही, माझी पदवीही फारशी नाही; तिथे लागते ती वही, आणि त्या वहीत आपल्या विरुद्ध जाणारी ओळ लिहायची तयारी. व्हॅन रायपर मला या सगळ्यांत मोठा वाटतो तो याच कारणाने. अडखळत होता म्हणून नव्हे, प्राध्यापक होता म्हणूनही नव्हे. १९३६ साली अमेरिकेतल्या कॅलामझूला क्लिनिक काढल्यापासून तो उपचार बदलत गेला आणि जुन्या लोकांना वर्षांनंतर गाठून त्यांचं काय झालं ते, अपयशांसकट, लिहीत गेला. स्वतः तो शेवटपर्यंत अडखळायचा आणि ते लपवायचा नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न उरतोच. चार वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या फायली काढल्या आणि ज्यांच्यावर 'उत्तम सुधारणा, उपचार पूर्ण' असा शेरा होता, त्यांना फोन करायला बसले. बऱ्याच जणांचे नंबर बदलले होते. पहिला लागला तो एका मुलाच्या घरचा; आता तो बावीस-तेवीसचा असणार. आईने उचलला, ओळखलं, फार आनंदाने बोलली. पुण्याला कंपनीत लागलाय, कामात हुशार आहे, लग्नाचं बघतोय. मी म्हटलं, त्याचा नंबर द्या, दोन मिनिटं बोलते त्याच्याशी. ती जरा थांबली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही मेसेज करा त्याला. तो फोन घेत नाही. कुणाचाच घेत नाही."

फायलीवरचा शेरा मी खोडला नाही. त्याच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि आईचं वाक्य तसंच्या तसं लिहिलं.